खाली घ्या

"बाई, या गालिच्याच्या खाली भुई आहे का न्हाई?"

मी गुडघ्यांवर बसून गालिच्याचा कोपरा उचकटत होते. पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलेल्या पाटणेकाकू वाकून बघत होत्या.

"आहे की, काकू. पण बरीच खाली."

फरशीवर प्लायवूड, प्लायवूडवर फोम, फोमवर गालिचा आणि सगळं चिकटवायला पिवळा डिंक. आंबोलीत पाऊस सुरू झाला की महिनोन् महिने भिंतीसुद्धा वाळत नाहीत. तिथे कुणा दिल्लीच्या डिझायनरनं या हॉटेलच्या सगळ्या खोल्या भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिच्यानं मढवल्या होत्या, आणि दरीचं दृश्य अखंड दिसावं म्हणून खिडक्यांना न उघडणाऱ्या काचा लावल्या होत्या. कोपरा सुटला तसा खालून काळपट हिरवा थर दिसला. बोट लावलं तर बोटाला चिकटला.

बुरशीच्या वासाची मला सवय आहे. इमारतीतली ओल, हवा आणि उष्णता मोजणं हे माझं काम. पण त्या वासावर हाउसकीपिंगवाले रोज सकाळी गवती चहाचा फवारा मारत. खाली ओल्या घोंगड्याचा वास आणि वर हा गोडसर वास, अशा दोन वासांनी घशाशी येई.

"आमच्या डेपोच्या वर्कशॉपात सुद्धा एवढी ओल नव्हती," पलंगावरून पाटणेकाका म्हणाले. ते एसटीत डेपो मॅनेजर होते, गडहिंग्लजला. "आणि तिथं आम्ही गाड्या धुवायचो."

एवढं बोलण्यात त्यांना धाप लागली. काकूंनी पाठीमागे हात घालून त्यांना उशीवर टेकवलं.

"बोलू नका म्हटलं की बोलायचंच."

"बाई आल्यात. गप्प बसून कसं चालंल?"

त्यांची छाती मी पहिल्या दिवशीच ऐकली होती. त्याला स्टेथोस्कोप लागत नव्हता. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरांनी सावंतवाडीला भरती व्हा म्हणून सांगितलं होतं. काकांनी नाही म्हटलं होतं.

काकू मला दारापर्यंत सोडायला आल्या. आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "ह्यांचं एकच म्हणणं बघा. दवाखाना नको आणि खाटेवर नको. वेळ आली की खाली घ्यायचं, तोंडात पाणी घालायचं, तुळशीचं पान ठेवायचं. मी म्हटलं, एवढंच न्हवं का? करू की." त्यांनी पायानं गालिचा दाबला. तो दबला आणि परत फुगला. "पण हितं खाली घ्यायचं म्हणजे गादीवरनं उचलून गादीवरच की ओ."

माझ्या वडिलांना आम्ही असंच खाली घेतलं होतं. पलंगावरून जमिनीवर, सतरंजीसुद्धा न घालता.

"पलंगाशेजारची एक पट्टी मी कापून काढायला सांगते," मी म्हटलं. "फरशीपर्यंत. तपासणीला मला ती लागेलच."

काकूंनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुमच्या तपासणीत आमचं काम होत असंल तर बघा बाई."

हे बारा वर्षांपूर्वीचं. हॉटेल चालेना म्हणून मालकांनी ते ज्येष्ठांसाठी राहण्याची जागा म्हणून उघडलं होतं. नाव ठेवलं होतं 'उषःकाल'. संध्याकाळ, सावली, सांज असा कुठलाही शब्द नको, असं मालकांनी बजावलं होतं. वृद्ध हा शब्द तर आवारातच चालत नसे. वरच्या दोन मजल्यांवर पंधरावीस माणसं राहायला आली होती. आर्किटेक्ट होता निरंजन कोठावळे. कॉलेजात माझ्या एक वर्ष मागे होता. हॉटेलांचं रूपांतर करणं यात त्याचं नाव झालं होतं. कुठे हॉटेलचं वसतिगृह, कुठे ऑफिस. मोडतोड कमीत कमी आणि बदल दिसेल असा, ही त्याची पद्धत. ओल आणि हवा यांच्यासाठी त्यानं मला बोलावलं होतं.

दुपारी तो लॉबीत भेटला. लॉबी मात्र देखणी होती. काळसर संगमरवर, मध्यभागी गोल फिरत वर गेलेला जिना, आणि शेजारी पितळी दाराची, आतून आरसे लावलेली चिमुकली लिफ्ट.

"पट्टी कापायला काहीच हरकत नाही," तो म्हणाला. "फक्त उद्या नको. उद्या कोल्हापूर-बेळगावहून कुटुंबं येतायत, बघायला. त्यांना खोल्या दाखवायच्यात. परवा काप."

"दोनशे चार दाखवू नकोस. तिथे काका आजारी आहेत."

"दाखवणार नाही. पण कॉरिडॉरमध्ये सुतार ठोकाठोक करताना बरे दिसतात का?"

"निरंजन, ते खूप आजारी आहेत. त्यांना हलवायची वेळ आली तर कसं हलवणार? या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं बसत नाही. आणि या जिन्याला वळसे आहेत."

"मागे लोखंडी जिना आहे."

"तो दोन फुटी आहे. त्याच्यावरून चादरींच्या पिशव्या नेतात."

त्यानं चहाचा कप ठेवला. तो कधी चिडत नसे. समजावत असे. "हे बघ, मोठी लिफ्ट घातली की हॉस्पिटल दिसायला लागतं. कॉरिडॉरला दांडे लावले की म्हातारपण दिसायला लागतं. इथे पेशंट नाहीत, हेमांगी. गेस्ट आहेत. माणसाला तू पेशंटसारखं वागवलंस की तो पेशंट होतो."

मॅनेजर खर्डे शेजारीच उभे होते. हॉटेल होतं तेव्हाही तेच मॅनेजर होते. गळ्यात टाय, केस मागे चोपडलेले. "बरोबर आहे सरांचं," ते म्हणाले. "आणि मॅम, आपल्या प्रॉपर्टीवर आजपर्यंत तशी एकही घटना नाही. देवाची कृपा."

"एकही नाही?" मी विचारलं.

"एकही नाही. गेस्टची तब्येत बिघडली की आपण लगेच खाली नेतो. सावंतवाडीला. पुढचं पुढे."

कोपऱ्यातल्या टेबलाशी घाटगेबाई पत्ते मांडून एकट्याच खेळत होत्या. ऐंशीच्या पुढच्या, कानात मशीन. त्यांची ती जागा ठरलेली होती. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला हात केल्याशिवाय त्या पत्ता टाकत नसत. आत्ताही त्यांनी मला हात केला. मीही केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरी धुक्यानं भरली होती. लॉबीचं मुख्य दार उघडं होतं आणि धुकं उंबऱ्याच्या आत येत होतं. मी खांबाजवळ स्टुलावर उभी राहून आर्द्रता मोजत होते. पाहुणे अजून यायचे होते. रिसेप्शनवर पणजीच्या हॉटेल स्कूलमधून शिकून आलेली मुलगी होती, रिया. तिचा फोन वाजला.

"गुड मॉर्निंग, मॅम... हो मॅम... सरांना खाली? हो हो, लगेच. लगेच पाठवते, मॅम."

फोन ठेवून ती हसत मागे वळली आणि अटेंडंटला म्हणाली, "गावडे, दोनशे चारच्या सरांना खाली यायचंय. व्हीलचेअर घेऊन जा. बरं वाटतंय वाटतं त्यांना."

गावडे खुर्ची ढकलत लिफ्टमध्ये शिरले. दार लागलं. मी यंत्रावरचा आकडा बघितला आणि मनात म्हटलं, बरं झालं, आज धाप कमी असेल.

थोड्या वेळानं गावडे जिन्यानं धावत खाली आले आणि खर्ड्यांच्या केबिनमध्ये गेले. मग खर्डे वर गेले. वर जाताना त्यांनी केबिनचा खण उघडून काहीतरी घेतलं. तेवढ्यात पाहुण्यांच्या गाड्या आल्या. निरंजन हात जोडून दारात उभा राहिला. कोकम सरबताचे ग्लास फिरले. चार कुटुंबं असतील. त्यात चंदगडकडचे एक देसाई नवराबायको होते. देसाई निवृत्त जनावरांचे डॉक्टर, उंच, मोठ्या आवाजाचे. सगळे गारठले होते. मफलर नाकापर्यंत ओढून जो तो चष्मा पुसत होता. मी स्टुलावरून उतरले तेव्हा माझीही काच धूसर होती.

"हा जिना म्हणजे आमच्या गुडघ्यांना शिक्षाच की ओ," देसाई म्हणाले.

"जिना फक्त बघायचा, सर," निरंजन म्हणाला. "चढायला लिफ्ट आहे."

सगळे हसले. बऱ्याच वेळानं ती लिफ्ट खाली आली. पितळी दार उघडलं.

आत पाटणेकाका व्हीलचेअरवर बसलेले. डोक्यावर कानटोपी, हनुवटीपासून नाकापर्यंत मफलर, डोळ्यांवर काळा चष्मा, गुडघ्यांवर चौकटीची शाल. छातीवरून पट्टा बांधलेला. खर्डे स्वतः खुर्ची ढकलत होते. काकू शेजारून चालत होत्या. साडी बदललेली, केस विंचरलेले, एक हात खुर्चीच्या दांड्यावर, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली.

"गुड मॉर्निंग, सर!" रिया म्हणाली.

घाटगेबाईंनी पत्ता तसाच हातात धरून हात केला.

"काका, आज उठलात!" मी म्हटलं. "बरं वाटतंय ना?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. "हो," त्या म्हणाल्या. "बरं वाटतंय." मग मान वाकवून खुर्चीतल्या माणसाला म्हणाल्या, "थंडी आहे हं. कान झाकून घ्या."

आवाज काकूंचा होता, पण शब्द कुणीतरी हातात दिल्यासारखे होते.

देसाई पुढे आले. "नमस्कार, साहेब! कसं काय वाटतं हितं? खरं सांगा, ह्यांच्यादेखत सांगू नका." त्यांनी हात पुढे केला.

"सर आज जरा कमी बोलतायत," खर्डे म्हणाले आणि खुर्ची न थांबवता किंचित वळवली. "रूटीन चेकअपला निघालोय. गाडी लागलीय."

देसाईंचा हात तसाच राहिला. देसाईवहिनी काकूंच्या बरोबरीनं चालायला लागल्या. "जेवण कसं असतं ओ हितलं?"

"चांगलं असतं," काकू म्हणाल्या. "मीठ कमी असतं."

"वयाला बरंच की ते."

"हो. वयाला बरंच."

खुर्ची माझ्यासमोरून चालली होती. मी अजून माझा चष्मा पुसत होते. लॉबीत ज्यांच्या ज्यांच्या नाकावर मफलर होता, त्यांच्या काचा प्रत्येक श्वासाला वाफाळत होत्या आणि निवळत होत्या. देसाईंच्या वाफाळत होत्या. निरंजनच्या वाफाळत होत्या. काकांच्या काळ्या काचा नाकावरच्या मफलरला टेकलेल्या होत्या, आणि लखलखीत कोरड्या होत्या. त्यांत उलटा गोल जिना स्वच्छ दिसत होता.

मी थोडं थांबले. आणखी दोन श्वास जातील एवढं. काच तशीच.

मग त्यांचा पाय दिसला. टेकूवरून घसरून संगमरवरावर घासत चालला होता. पायात मोजा होता, चप्पल नव्हती. तो पाय कुणी उचलून ठेवला नाही, आणि ज्याचा होता त्यानंही उचलला नाही.

मी खुर्चीच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"काकू," मी हळू विचारलं. "कधी?"

"पहाटेच्या सुमाराला." त्यांनी ओठ फारसे हलवले नाहीत. "तवा खाली कुणी फोन उचलंना. सकाळी फोन करून सांगितलं, ह्यांना खाली घ्यायचंय, कुणीतरी या. तर ते पोरगं खुर्ची घेऊन आलं. मग हे साहेब आले. म्हणाले, पावणे आलेत, जरा पाच मिनिटं. गाडीत बसवूस्तोवर बोलत चला. बोलत चाललं की कुणाला काय वाटत न्हाई."

"मॅम, प्लीज," खर्डे माझ्या कानाशी म्हणाले. त्यांच्या तोंडाला गवती चहाचाच वास येत होता, किंवा मला तो सगळीकडे येत होता. "एवढं दारापर्यंत जाऊ द्या. हॉस्पिटलात सगळं व्यवस्थित होईल. तिथले कागद होतील. इथे नको."

"काकू, तुम्हाला काय करायचंय?"

काकूंनी पहिल्यांदा वर बघितलं. "ह्यांना खाली घ्यायचंय."

मी वाकून खुर्चीचा ब्रेक लावला.

"हेमांगी," निरंजन लांबूनच म्हणाला. हसू त्याच्या चेहऱ्यावर अजून तसंच होतं. "नंतर बोलू या का?"

मी छातीवरचा पट्टा सोडला. काका पुढे कलले आणि माझ्या खांद्यावर आले. मी एकटीनं ते वजन पेलणं शक्य नव्हतं. देसाई दोन पावलांत आले. त्यांनी काकांच्या मनगटाला हात लावला आणि मग माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर जनावरं तपासलेला माणूस. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

"अरे देवा," ते मोठ्यानं म्हणाले. मग आणखी मोठ्यानं, "अरे, ह्या माणसाला तुम्ही मिरवत चाललाय होय रे?"

त्यांनी पाय धरले. गावडे कुठूनसे आले आणि त्यांनी काकांना खांद्याखाली हात घालून उचललं. खर्ड्यांकडे न बघता पुटपुटले, "साहेबांका मी सांगलंय वर."

आम्ही काकांना लॉबीच्या मधोमध फरशीवर ठेवलं. गुडघे पुरते सरळ होईनात. वर किती वेळ त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं होतं कोण जाणे, ते बसल्यासारखेच राहिले होते. देसाई गुडघ्यांवर तळहात ठेवून, घाई न करता, दाबत राहिले. समोर कोकम सरबताचे ग्लास घेऊन उभ्या असलेल्या माणसांकडे बघून खर्डे अजून हळू आवाजात म्हणत होते, "दॅट्स ऑल राइट, दॅट्स ऑल राइट, ब्रेकफास्ट तिकडे लावलाय."

"दक्षिण कुठं ओ?" काकूंनी विचारलं.

इमारतीच्या दिशा मला पाठ होत्या. मी हात केला. काकांचे पाय रिसेप्शनच्या टेबलाकडे झाले. रिया टेबलामागे तोंडावर हात ठेवून उभी होती. तिला तेव्हा कळलं असावं की फोनवर तिला काय सांगितलं होतं.

काकू मांडी घालून बसल्या. कानटोपी काढली, मफलर सोडला. मग मूठ उघडली. आत चुरगळलेली हिरवी पानं होती.

"तुळस द्या म्हटलं तर स्वयंपाकघरातनं हे आलं. नूडल्सवर घालतात म्हणे ते." त्यांनी पान नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघितलं. "चालंल का ओ हे?"

पान रुंद, गुळगुळीत, इटालियन जेवणात घालतात ते. पण कूळ एकच.

"चालेल, काकू. तुळशीचीच बहीण आहे ती."

"बहीण आहे न्हवं? मग झालं."

देसाईवहिनींनी पर्समधली पाण्याची बाटली दिली. काकूंनी बोटानं काकांचे ओठ उघडले, पाणी सोडलं, पान ठेवलं. मग त्यांचा हात काळ्या चष्म्याकडे गेला. चष्मा काढून त्यांनी तो क्षणभर हातात धरला.

"हा ह्यांचा न्हवं," त्या म्हणाल्या. "ह्यांना असला चष्मा कधीच नव्हता. टोपी पण ह्यांची न्हवं. साहेबांनी आणली."

खर्ड्यांनी हात पुढे केला. "माझ्याकडे द्या, मॅम."

घाटगेबाई टेबलावरून उठून आल्या होत्या. काठी टेकत त्या काकूंच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि वाकून चष्म्याकडे बघत राहिल्या. चष्म्याच्या एका काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला होता.

"हा करमरकरणीच्या डोळ्यावर होता," त्या म्हणाल्या. कान कमी असल्यानं त्या नेहमीच मोठ्यानं बोलत. लॉबीच्या पार टोकापर्यंत ऐकू गेलं. "गणपतीच्या आधी ती सावंतवाडीला तपासायला गेली तेव्हा. हीच टोपी, हाच चष्मा. मी म्हटलं, ही कधीपासून गॉगल घालायला लागली?" त्या थांबल्या. "मी हात केला तिला. तिनं केला नाही. मला राग आला होता. म्हटलं, जाते तर जाऊ दे, आखडू बाई."

खर्ड्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"आणि ते बापट," त्या खर्ड्यांकडे वळल्या. "ते पण खुर्चीवरनंच गेले की. ते पण?"

खर्ड्यांनी टाय सारखा केला. निरंजनकडे बघितलं. निरंजन जमिनीकडे बघत होता.

"अहो, विचारतेय मी. बापट पण?"

"मॅम, तुम्ही बसा," खर्डे म्हणाले. "तुम्हाला त्रास होईल."

घाटगेबाई बसल्या, पण त्यांच्या टेबलाशी नाही. काठीच्या आधारानं, गावड्यांचा हात धरून, त्या खाली फरशीवर काकूंच्या शेजारी बसल्या. वरच्या मजल्यांवर बातमी पोचली असावी. जिन्यावरून एकेक माणूस उतरायला लागला. दोन्ही हातांनी कठडा धरून, एक पायरी, मग विश्रांती, मग एक पायरी. त्या जिन्यावरून इतकी माणसं उतरताना मी एरवी कधीच पाहिली नव्हती. येऊन ती काकांच्या भोवती उभी राहिली. ज्यांना जमलं ती बसली. चष्मा काकूंच्या मांडीवर होता. तो मागायला पुन्हा कुणी आलं नाही.

दुपारपर्यंत काकांची मुलगी बेळगावहून आली. डॉक्टर आले, त्यांनी लिहून द्यायचं ते दिलं, आणि त्यात जागा म्हणून आंबोली लिहिलं. काका मुख्य दारानं बाहेर पडले, आडवे, गावडे आणि देसाई आणि दोन ड्रायव्हर यांच्या खांद्यांवर. बाकीची तिन्ही कुटुंबं केव्हाच निघून गेली होती. देसाईवहिनी मात्र काकूंचं सामान बांधायला वर गेल्या. मी त्यांच्याबरोबर गेले. खोलीत सकाळचा फवारा मारून झालेला होता.

जाताना काकूंनी मला जवळ घेतलं नाही की आभार मानले नाहीत. मोटारीत बसल्यावर काच खाली करून म्हणाल्या, "ती पट्टी आता कापू नका बाई. उगा कशाला." मग काच वर केली.

निरंजनच्या कोल्हापूरच्या ऑफिसात मी शेवटची गेले ती पुढच्या आठवड्यात. माझा अहवाल द्यायला. त्यात मी गालिच्यांचं लिहिलं होतं, खिडक्यांचं लिहिलं होतं, आणि लिफ्टचंही. त्यानं तो चाळला आणि बाजूला ठेवला. तो उत्साहात होता. टेबलावर मोठा ट्रेसिंग पेपर पसरला होता. महाबळेश्वरजवळ मालकांनी आणखी एक बंद पडलेलं हॉटेल बघितलं होतं.

"तू म्हणत होतीस ते बरोबर होतं," तो म्हणाला. "त्या दिवसानं आम्हाला खूप शिकवलं. हे बघ."

त्यानं पेन्सिलनं दाखवलं. इमारतीच्या मागे, लाँड्री आणि कचऱ्याच्या खोलीच्या मध्ये, एक लांब लिफ्ट. स्ट्रेचर आडवं मावेल अशी. लिफ्ट थेट तळमजल्याच्या एका खोलीत उघडत होती, आणि त्या खोलीचं दुसरं दार स्वयंपाकघराच्या मागच्या अंगणात.

"शांतिकक्ष," तो म्हणाला. "फरशी शहाबादी ठेवलीय, कार्पेट नाही. कुणाला खाली घ्यायचं असेल तर घेता येईल. कुंडीत तुळस ठेवू. लोकांना आपलं पारंपरिक लागतं, ते मला पटलं. आणि लॉबीतून कुणाला न्यायचा प्रश्नच येत नाही. बाकीच्या गेस्टना कळणारसुद्धा नाही."

मी नकाशाकडे बघत राहिले. रेषा सुंदर होत्या. त्याचा हात नेहमीच चांगला होता.

"कळणारसुद्धा नाही," मी म्हटलं.

"बरोबर. फक्त एक अडचण आहे, तिथे मला तुझी मदत हवीय." त्यानं खोलीच्या पूर्वेकडच्या भिंतीवर बोट ठेवलं. "ह्याच्या पलीकडे डायनिंग येतंय. रडण्याचा आवाज साधारण किती डेसिबलपर्यंत जातो? म्हणजे भिंत त्या हिशेबानं करता येईल."

मला आकडा माहीत होता.

"त्या दिवशी लॉबीत कुणी रडलं नव्हतं, निरंजन."

त्याला वाटलं मी उत्तर दिलं. त्यानं पेन्सिल उचलली, भिंतीच्या रेषेशेजारी टेकवली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मग साध्या बोलण्याएवढे, साठ धरतो."